अर्धे इकडे, अर्धे तिकडे: छर्ऱ्यांच्या पेटीच्या नोंदी

चोपडा तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी प्रयोगशाळा सहायक आहे. मूळचा फिटर. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी फिजिक्सच्या मॅडमना एक मॉडेल हवं होतं: एका बाजूला भरलेला वायू आपोआप दोन्ही बाजूंना सारखा कसा पसरतो ते मुलांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. विषय एन्ट्रॉपी (म्हणजे कणांची वाटणी किती तऱ्हांनी होऊ शकते त्याचं माप) आणि समतोल. "दोन खणांची पेटी, गोळ्या आणि हलवायला मोटर, एवढंच तर आहे," मी म्हणालो. हे वाक्य मला पुढे दोन महिने ऐकवलं गेलं. कुणाला असं काही करायचं असेल तर माझा वेळ आणि पैसा कुठे गेला ते वाचून मगच हात घाला.

3 जानेवारी

मोटर आणण्याआधी हाताने हलवून बघावं म्हणून घरातलाच एक पारदर्शक डबा घेतला. खाली ज्वारी, वर हरभरा. रंग वेगळे, आकार वेगळे, लांबून दिसतील. डोक्यात कळण्याच्या भाकरीचं पीठ होतं. ज्वारी आणि उडीद दळायला देण्याआधी आई पाटीत हात फिरवून दोन मिनिटांत एकजीव करते, मग डबा हलवला तर का नाही होणार?

नाही झालं. डबा टेबलावर दहा मिनिटं आपटला, हरभरा वरच. मग उलटं केलं, हरभरा खाली आणि ज्वारी वर. आता तर नक्की मिसळेल म्हटलं. पाचेक मिनिटांत हरभरा एक एक करत वर आला आणि ज्वारी खाली जाऊन बसली. म्हणजे हलवल्याने मिसळायच्या ऐवजी निवड होत होती.

आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "सूपमा घोयं का मोठा दाना वर येस, तुले माहीत नै का?"

माहीत होतं. लहानपणापासून बघतोय. पण सूप आणि फिजिक्स डोक्यात वेगवेगळ्या खणांत होते. कारण साधं आहे. डबा उसळला की दाण्यांच्या मधे क्षणभर फटी पडतात, बारीक दाणा त्या फटीत घसरतो, मोठा मावत नाही, म्हणून तो वर राहतो. वायूच्या रेणूंचं असं होत नाही. तेव्हा सगळ्या गोळ्या एकाच आकाराच्या आणि एकाच वजनाच्या हव्यात, हा पहिला धडा. खर्च शून्य, हरभरा घरी परत.

6 जानेवारी

बोर्ड रंगवणाऱ्याकडून 3 मिलिमीटर जाडीचे ॲक्रिलिकचे तुकडे मापात कापून आणले, 300 रुपये. पेटी आतून 12 सेंटिमीटर लांब, 4 रुंद, 20 उंच. मधे उभा पडदा, त्याला तळापासून 25 मिलिमीटरवर एक खिडकी. म्हणजे गोळी उडाली तरच पलीकडे जाईल, लोळत जाणार नाही. सांधे लॅबमधल्या क्लोरोफॉर्मने जोडले. खिडक्या उघड्या ठेवून करा, मी बंद खोलीत केलं आणि संध्याकाळपर्यंत डोकं जड होतं.

गोळ्या म्हणून प्लास्टिकचे बारीक मोती घेतले, 40 रुपयांची पुडी. पेटी हलवली आणि निम्मे मोती भिंतीला चिकटून बसले. जानेवारीतली आपल्याकडची कोरडी हवा, प्लास्टिकवर प्लास्टिक घासलं की स्थिर वीज. ओल्या फडक्याने पुसलं की पाच मिनिटं बरं, पुन्हा तेच. मोती भाचीला दिले.

9 जानेवारी

सायकलच्या दुकानातून छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या लोखंडी गोळ्या, आणले. पाव इंची मोठे पडतात, 1/8 इंची घ्या. ग्रोसवर मिळतात. दोन ग्रोस म्हणजे 288 नग, 230 रुपये. दुकानदाराने विचारलं, "एवढे कशाला रे भो, सायकलींचा कारखाना काढतो का?"

छर्ऱ्यांचा एक मोठा फायदा आधीच सांगून ठेवतो: मोजत बसावं लागत नाही. एकाचं वजन 0.13 ग्रॅम. लॅबच्या तराजूवर एका खणातले छर्रे ओतायचे आणि भागाकार करायचा. 288 चे भरले 37.6 ग्रॅम. दोन-चार वेळा हाताने मोजून ताडून बघितलं, एखाद्याचा फरक येतो.

13 जानेवारी

जळगावच्या जुन्या बाजारातून शिलाई मशीनची मोटर पायाच्या पॅडलसकट, 700 रुपये. पॅडलमुळे वेग कमी-जास्त करता येतो म्हणून हीच घेतली. मोटरवरची छोटी पुली, मोठं चाक, मधे पट्टा. चाकाच्या दांड्यावर केंद्रापासून 3 मिलिमीटर सरकवलेला गोल, तो लेथवर करून घेतला, 250. म्हणजे पेटी एकूण 6 मिलिमीटर वर-खाली होणार. लोखंडी चौकट वेल्डिंगवाल्याकडून, 350.

संध्याकाळी चालू केलं. पेटी वर-खाली व्हायच्या ऐवजी डोलायला लागली, देवीच्या पालखीसारखी. छर्रे एका कोपऱ्यात. उद्या संक्रांत, म्हणून बंद केलं.

16 जानेवारी

डोलणं थांबवायला दोन्ही बाजूंना ड्रॉवरचे चॅनेल उभे बसवले, जोडी 120 रुपये. हा उपाय माझ्या भाच्याचा, तो फर्निचरचं काम करतो. आता पेटी सरळ वर-खाली जाते. ज्यांना पुढे करायचं आहे त्यांनी आधी चॅनेल बसवा आणि मग चौकट वेल्ड करा. मी उलटं केलं, म्हणून चौकट दोनदा कापली.

18 जानेवारी

वीस मिनिटं पूर्ण वेगाने चालवल्यावर पेटीचा तळ सुटला. 288 छर्रे प्रयोगशाळाभर. शिपाईमामा आणि मी गुडघ्यावर बसून संध्याकाळपर्यंत गोळा करत होतो, 281 सापडले. बाकीचे सात दुकानातून पुन्हा आणले, त्याने पैसे घेतले नाहीत.

नवीन पेटी: भिंती ॲक्रिलिकच्या, तळ 2 मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, स्क्रूने आवळलेला. 240 रुपये. ॲक्रिलिकच्या तळाला खड्डेही पडत होते, तो प्रश्नही सुटला.

21 जानेवारी

आज जमलं. मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये एका सेकंदाच्या 240 चौकटी येतात. पेटीची एक वर-खाली फेरी 8 चौकटींत होते, म्हणजे सेकंदाला 30 फेऱ्या. सगळे 288 छर्रे डाव्या खणात भरून सुरू केलं. ठराविक वेळेला मोटर बंद करायची, खिडकीवर पट्टी सरकवायची, डावीकडचे ओतून वजन करायचं, पुन्हा भरायचं.

अर्ध्या मिनिटाने डावीकडे 214. एक मिनिटाने 176. दोन मिनिटांनी 152. तीनला 139. चारला 147. पुढे दहा मिनिटांपर्यंत 135 ते 153 मधे वर-खाली.

मॅडम खूश. मीही. फोटो काढले. इथेच थांबलो असतो तर या नोंदी लिहायचं कारण उरलं नसतं.

23 जानेवारी

शेजारच्या वर्गातून तक्रार. लोखंडी छर्रे ॲल्युमिनियमवर सेकंदाला तीस वेळा आपटतात तेव्हा पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज होतो, त्यांचं बरोबरच होतं. पॅडलखाली लाकडाची पाचर ठोकून वेग कमी केला. आता 12 चौकटींत एक फेरी, सेकंदाला 20. आवाज निम्म्यावर.

यावेळी निम्मे-निम्मे भरून सुरू केलं होतं, 144 आणि 144, म्हटलं समतोल किती टिकतो ते बघू. चहा पिऊन आलो तर डावीकडे 23 आणि उजवीकडे 265.

24 ते 28 जानेवारी

या पाच दिवसांची एकच नोंद करतो, कारण पाचही दिवस मी एकच चूक केली. टेबल तिरकं आहे असं धरून चाललो.

पाणसळ लावली. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठे. पाणसळीचा बुडबुडा बरोबर मधे, छर्रे तरी उजवीकडे. 26 ला झेंडावंदन झाल्यावर सगळी चौकट उचलून व्हरांड्यात फरशीवर आणली. तिथे छर्रे डावीकडे गेले! मी म्हटलं, फरशी डावीकडे उतरती असणार. पुन्हा पुठ्ठे. पुन्हा चालवलं, पुन्हा डावीकडे, 270. तळाचा पत्रा वाकला असेल म्हणून बदलला. खिडकीची कड घासली. चॅनेलला तेल दिलं. मग चुंबक: छर्रे लोखंडी, मोटर एका बाजूला, ती ओढत असेल! मोटर हात-दीड हात लांब नेली, पट्टा लांब आणला. काही फरक नाही.

28 ला रात्री नऊला, काहीही न बदलता, सलग दहा वेळा चालवलं. दर वेळी निम्मे-निम्मे भरून. सहा वेळा गर्दी उजवीकडे, चार वेळा डावीकडे. म्हणजे यंत्र कुठल्याच बाजूला झुकलेलं नव्हतं. तिरकं टेबल दर वेळी बाजू बदलत नाही. हे दहा वेळा चालवणं मी पहिल्याच दिवशी केलं असतं तर पाच दिवस वाचले असते. पण बिघाड दिसला की फिटरचा हात आधी पान्याकडे जातो.

मग पाचर काढली आणि पूर्ण वेग दिला. दोन मिनिटांत दोन्हीकडे सारखे. पाचर लावली, एकीकडे गोळा. काढली, सारखे. पाहिजे तेवढ्या वेळा.

30 जानेवारी

मॅडमनी शोधून काढलं. हा बिघाड प्रसिद्ध आहे म्हणे. जर्मनीत श्लिश्टिंग आणि नॉर्डमायर यांनी 1996 मध्ये अशीच पेटी करून दाखवली होती, आणि 1999 मध्ये येन्स एगर्स यांनी त्याचं गणित मांडलं. त्यांच्या शोधनिबंधाच्या नावात वाळूला मॅक्सवेलचा राक्षस म्हटलंय. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने 1867 मध्ये एक कल्पना मांडली होती: दोन खणांच्या मधल्या दारावर एक चिमुकला द्वारपाल बसवला आणि त्याने रेणू निवडून सोडले, तर समतोल मोडता येईल. माझ्या पेटीत द्वारपाल नव्हता, तरी समतोल मोडत होता.

कारण मला कळलं ते असं. छर्रा छर्ऱ्यावर आपटला की थोडी ऊर्जा जाते, काही आवाजात, काही उष्णतेत. समजा योगायोगाने उजवीकडे चार-सहा छर्रे जास्त झाले. तिथे टकरा जास्त, म्हणून ऊर्जा जास्त खर्ची, म्हणून उडी ठेंगणी, म्हणून खिडकीपर्यंत पोचणारे कमी. डावीकडे मोकळं, उडी उंच, खिडकीतून पलीकडे जाणारे जास्त. गर्दीत आणखी गर्दी. वेग पूर्ण असला की तळ एवढी ऊर्जा देतो की गर्दीतलेही खिडकी गाठतात, आणि मग वाटणी सारखी होते.

हवेचे रेणू असे टकरांनी थकत नाहीत. म्हणून हवा खोलीच्या एका कोपऱ्यात गोळा होत नाही. आणि एन्ट्रॉपी आपोआप कमी होत नाही, हा उष्मागतिकीचा दुसरा नियमही मोडलेला नाही. माझी पेटी वीज मंडळाच्या तारेला जोडलेली आहे, ऊर्जा एकीकडून येते आणि उष्णता होऊन दुसरीकडे जाते. मोटर बंद करा, सगळे छर्रे तळाशी गप्प. वायूची पेटी पाहिजे होती, पण मी बनवली वाळूची.

इथपर्यंतचा खर्च 2230 रुपये, 700 मोटरचे धरून. विज्ञान दिनाला महिना राहिला.

3 फेब्रुवारी

मॅडम म्हणाल्या, "यंत्र राहू द्या. हाऊजी आहे का तुमच्याकडे?"

1907 मध्ये पॉल आणि तात्याना एरनफेस्ट या नवरा-बायकोने एक कागदी खेळ मांडला होता. नंबर टाकलेल्या गोळ्या, दोन पेट्या. एक नंबर काढायचा, त्या नंबरची गोळी ज्या पेटीत असेल तिथून दुसरीत टाकायची. बस. कुठे मोटर नाही, कुठे टक्कर नाही. हाऊजीत 1 ते 90 आकडे असतातच. 120 रुपयांचा संच, 90 गोट्या 100 रुपयांना, पक्क्या शाईचा पेन 30. दोन स्टीलची पातेली घरची. एकूण 250. मी मोटरकडे बघितलं आणि काही बोललो नाही.

गोट्यांवर नंबर लिहायला दीड तास. 6 आणि 9 खाली रेघ मारा. 66 आणि 99 चा घोळ होत नाही कारण 99 नाहीच, पण 68 आणि 89 सुद्धा उलटे बघितले की माणूस चक्रावतो.

5 फेब्रुवारी

अकरावीच्या आठ मुलांना बसवून पहिली फेरी. सगळ्या 90 गोट्या डाव्या पातेल्यात. एक मुलगा आकडे काढतो, एक गोटी हलवते, एक फळ्यावर लिहिते.

सुरुवात सुरेख. 45 आकडे झाले तेव्हा डावीकडे बरोबर 45. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवली असती, पण मॅडमच्या कपाळावर आठी. 60 आकड्यांना डावीकडे 30. 75 ला 15. 90 ला शून्य. सगळ्या गोट्या उजव्या पातेल्यात!

काय झालं होतं ते एका मुलीने सांगितलं: "सर, आपण आकडा परत पिशवीत टाकलाच नाही." हाऊजीत काढलेला आकडा बाहेर ठेवतात, हाताला तीच सवय. त्यामुळे प्रत्येक आकडा बरोबर एकदाच निघाला आणि प्रत्येक गोटी एकदाच पलीकडे गेली. सरळ रेघेत. समतोलाच्या अंगावरून गाडी निघून गेली आणि थांबलीच नाही. आकडा काढला की लिहा आणि लगेच पिशवीत परत टाका. हे पातेल्यावर चिठ्ठी लावून लिहून ठेवलंय.

7 फेब्रुवारी

आकडा परत टाकून दुसरी फेरी. आता नवा घोटाळा: तेच आकडे पुन्हा पुन्हा. 41 निघाला, परत टाकला, दोन आकड्यांनी पुन्हा 41. परत टाकलेली सोंगटी पिशवीत वरच राहते आणि हात वरूनच उचलतो. गोटी गेली आणि लगेच परत आली, म्हणून सगळं फार हळू सरकत होतं. प्रत्येक वेळी पिशवी तीनदा उलटी-पालटी हलवायचं ठरलं. एका आकड्याला सहा सेकंद लागतात, 400 आकड्यांना चाळीस मिनिटं. एका तासिकेत बसतं, हजेरी न घेतली तर.

10 फेब्रुवारी

चांगली फेरी. मॅडमनी आधीच हिशोब फळ्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवला होता: दर आकड्याला निम्म्यापेक्षा जे जास्त आहे त्याचा सरासरी पंचेचाळिसावा भाग कमी होतो. म्हणजे 31 आकड्यांत जास्तीचं निम्मं व्हावं. सुरुवातीला जास्तीचे 45, तेव्हा 31 आकड्यांनी डावीकडे साधारण 67, 62 ला 56, 90 ला 51.

आलं ते: 31 ला 69, 62 ला 53, 90 ला 50.

सगळे खूश, फक्त गोट्या हलवणारी मुलगी नाही. ती म्हणाली, 62 ला 53 येऊच शकत नाही. दर आकड्याला डावीकडची संख्या एकाने वाढते किंवा एकाने घटते. 90 सम, सम आकड्यांनंतर सम संख्याच पाहिजे. 53 विषम. म्हणजे कुठेतरी एक गोटी हलवायची राहिली किंवा मोजताना चुकलं. मोजून बघितलं तर चूक मोजणीची होती, 54 होते.

ही खूण मॅडमच्याही लक्षात आली नव्हती. आता आम्ही दर दहा आकड्यांना सम-विषम तपासतो. करणाऱ्यांनी हे जरूर करावं, चूक लगेच सापडते. पण दोन चुका झाल्या तर सापडत नाही, हेही लक्षात ठेवा.

आकडा 150 ते 400: डावीकडची संख्या 37 ते 54 मधे हिंदकळत राहिली. एका मुलाने विचारलं, "सर, समतोल आला मग हे थांबत का नाही?" तेव्हा मला माझ्या पेटीतले 135 ते 153 आठवले. ते हलणं मी जानेवारीत यंत्राचा दोष समजून कमी करायच्या विचारात होतो. 288 ला साधारण आठ-नऊचा हेलकावा यायलाच पाहिजे, 90 ला पाचेकाचा. बरोबर 45 तर शंभरात आठ वेळाच येतात.

13 फेब्रुवारी

मॅडमनी कॅल्क्युलेटरवर वाटण्या मोजून दाखवल्या, तो भाग मला सगळ्यात आवडला. सगळ्या 90 डावीकडे असण्याची तऱ्हा एकच. 89 डावीकडे: 90 तऱ्हा. 88 डावीकडे: 4005. आणि 45-45 च्या तऱ्हा सुमारे 1.04 गुणिले दहाचा सव्विसावा घात. गोटीला कुणी उजवीकडे ढकलत नाही. निम्म्या-निम्म्याच्या आसपासच्या वाटण्यांच्या तऱ्हाच जास्त, म्हणून गोट्या तशा वाटलेल्या सापडतात. यात्रेत हरवलेला माणूस गर्दीत सापडतो, कारण यात्रेत गर्दीच जास्त असते.

या तऱ्हांचा लॉगरिदम म्हणजे एन्ट्रॉपी, व्हिएन्नात भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमनच्या थडग्यावर कोरलेलं सूत्र हेच. 90 ला शून्य, 89 ला 4.5, 88 ला 8.3, 45 ला 59.9. संख्या 45 वरून 40 वर घसरली तरी 59.9 चं 59.4 होतं, एवढंच. म्हणून आलेखात गोट्यांची रेघ हिंदकळते आणि एन्ट्रॉपीची रेघ जवळजवळ सपाट दिसते. दोन्ही रेघा एकाच कागदावर काढा, वेगळ्या काढल्या तर मजा जाते.

17 फेब्रुवारी

फ्लेक्स छापून आला, 200 रुपये. ठळक अक्षरात: "एन्ट्रॉपी नेहमी वाढते." मजकूर मीच दिला होता. मॅडमनी फ्लेक्सकडे बघितलं, मग फळ्यावरच्या आलेखाकडे. 59.9 वरून 59.4, म्हणजे कमी झालीच की. "नेहमी" वर पांढरी पट्टी चिकटवून "बहुतेक" लिहिलं. पट्टी लांबून दिसते.

मॅडम म्हणाल्या, या एका शब्दावर मोठी भांडणं झालीत. बोल्ट्झमनने 1872 मध्ये एन्ट्रॉपी वाढतच जाते असं सिद्ध केल्यासारखं मांडलं. 1876 मध्ये लोश्मिटने विचारलं, सगळे वेग उलटे फिरवले तर? 1896 मध्ये झेर्मेलोने विचारलं, पुरेसा काळ थांबलो तर सगळं पुन्हा पहिल्यासारखं होणारच ना? एरनफेस्ट जोडप्याने गोळ्यांचा खेळ मांडला तो हाच गुंता सोडवायला. मला बरं वाटलं. बोल्ट्झमनलाही पट्टी लावावी लागली होती.

20 फेब्रुवारी

झेर्मेलोचा प्रश्न मुलांना कसा दाखवायचा? 90 गोट्यांवर शक्य नाही. पुन्हा सगळ्या डावीकडे यायला सरासरी 2 चा 90 वा घात एवढे आकडे काढावे लागतील. पाच सेकंदाला एक धरला तरी विश्वाच्या 1380 कोटी वर्षं वयाच्या सुमारे 1400 कोटी पट वेळ. आमची तासिका 40 मिनिटांची.

म्हणून सहाच गोट्या आणि लुडोचा फासा. सरासरी 64 फेकींत परत यायला हव्यात. 12 जोड्या बसवल्या. दोन जोड्यांना दुसऱ्याच फेकीत सगळ्या गोट्या परत मिळाल्या, त्यांना वाटलं आपलं काही चुकलं. एकीला 4 लागल्या, बाकीच्यांना 14 पासून 148 पर्यंत. सगळे आकडे सम. सरासरी 50.5. 64 नाही, पण 12 जोड्यांत एवढा फरक पडायचाच. 148 वाली जोडी मधल्या सुट्टीतही फेकत बसली होती, डबा न खाता.

हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं चाललं. फासे 20 रुपये. वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा आणि एवढंच करा.

28 फेब्रुवारी

प्रदर्शन. पुढच्या टेबलावर पातेली आणि फासे. छर्ऱ्यांची पेटी मॅडमना कोपऱ्यात झाकून ठेवायची होती, मी हट्टाने मांडली, पाचरीसकट. पाटी लावली: "हा वायू नाही." पालक आणि मुलं गारांचा आवाज ऐकून आधी तिकडेच जायची. मी पाचर काढून सारखे करून दाखवायचो, पाचर लावून एकीकडे गोळा करून दाखवायचो. एका शेतकरी पालकाने दोनदा बघितलं आणि म्हणाले, ट्रॉलीत मका भरून खराब रस्त्याने नेला की बारीक चुरा खाली आणि दाणा वर येतो, तसंच का? ते पहिल्या दिवशीच्या हरभऱ्यासारखं आहे, हे वेगळं, असं समजावताना माझी अर्धी दुपार गेली. माझ्या डब्याची गोष्ट त्यांना जास्त आवडली.

साडेतीनला वीज गेली. पेटी बंद, पातेली चालू.

1 मार्च

हिशोब: पेटी 2230, हाऊजी-गोट्या-पेन 250, फासे 20, फ्लेक्स 200. एकूण 2700 रुपये. संस्थेकडून 1500 मिळाले, बाकी मॅडमनी आणि मी निम्मे-निम्मे. मोटर आईच्या शिलाई मशीनला लावली.

आवरताना गोट्या मोजल्या तर 89. 37 नंबरची कुणीतरी खिशात घालून नेली. 37 चा आकडाही पिशवीतून काढून ठेवलाय. 89 वर सगळं तसंच चालतं, फक्त निम्मे म्हणजे साडेचव्वेचाळीस, आणि सम-विषमाची चिठ्ठी उलटी लिहावी लागली.